सात दिवस हात न लावता

२१ एप्रिल, मंगळवार

१. सकाळी ५:३० ला टायमर चालू झाला. वेळेवर.
२. ड्रममधला पंप दहा मिनिटं चालला. गच्चीवरच्या सेहेचाळीस कुंड्यांना पाणी गेलं.
३. ५:४० ला टायमर बंद. पंप बंद.
४. पाणी बंद झालं नाही.
५. ६:५० ला दोनशे लीटरचा ड्रम रिकामा.
६. ते सगळं पाणी गच्चीवरून शेजारच्या जयाबाईंच्या अंगणात गेलं. तिथे खाटेवर त्यांनी पहाटे उठून घातलेल्या कुरडया होत्या.
७. चूक कोणाची ते शोधायचं आहे.

जयाबाई कुंपणावरून ओरडल्या — "विमलाबाई, तुमची मशीन माह्या कुरडयांवर मुतून राह्यली नं वो!" अख्ख्या गल्लीला ऐकू गेलं. विमलाकाकू हसत सुटल्या. मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "एक दिवस बी नाई टिकली."

संध्याकाळी. चूक माझी. ड्रम विटांवर उंच, कुंड्या खाली. एकदा पाइप भरला की पंप बंद झाला तरी पाणी स्वतःच्या वजनाने ओढलं जातं. पिंपातून नळीने रॉकेल काढतात तसं. डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षी यावर मला दहापैकी नऊ मार्क होते. ड्रमच्या तोंडाजवळ, पाण्याच्या वर, पाइपला दीड मिलीमीटरचं भोक पाडलं. पंप थांबला की तिथून हवा शिरते आणि ओढ तुटते. दोनदा तपासलं. थांबलं.

२२ एप्रिल, बुधवार

हे मी का करते आहे ते एकदा नीट लिहून ठेवते. चिडले की कारण आठवत नाही.

काकूंचा डावा डोळा लहानपणीच गेला. कापसाच्या पऱ्हाटीची काडी लागून. उजव्यात मोतीबिंदू पिकलाय. म्हणजे एकच डोळा आणि तोही जायच्या बेतात. नेत्रशिबिरातल्या डॉक्टरांनी माझ्यासमोर सांगितलं, "आता थांबलात तर आत दाब वाढेल. मग ऑपरेशन करूनही उपयोग नाही." वर्ध्याला २० मे ही तारीख मिळाली आहे. १४ मेच्या संध्याकाळी पाचपर्यंत फोन करून नाव पक्कं करायचं. नाही केलं तर जागा दुसऱ्याला.

ऑपरेशननंतर महिनाभर वाकायचं नाही, उचलायचं नाही, उन्हात गच्चीवर जायचं नाही. इथे सगळं अडलं.

"महिनाभर झाडाईले पाणी कोण देईन?"
मी म्हटलं, मी देईन.
"तू? तुनं मनीप्लांट मारला."

हे खरं आहे. त्यांनीच दिला होता, मी वरची खोली भाड्याने घेतली तेव्हा. दोन महिन्यांत मेला. त्या मनीप्लांटचं नाव आठवड्यातून एकदा तरी निघतं.

"अन तुह्या कामाच्या पाळ्या बदलतात. कधी सकाळी, कधी दुपारी. माणसाचं काई खरं नाई."

जयाबाईंचे गुडघे जिना चढत नाहीत. मग मी म्हणून बसले, "मशीन लावते." आणि काकूंनी अट घातली — "सात दिवस तुही मशीन एकटी चालली पाह्यजे. मी हात लावणार नाई, तूबी लावायचा नाई. सात दिवस झाले का मी नाव देतो. नाई झाले तं नाई. झाडं मारून डोळा आणला, तं पाहू काय त्याच्यानं?"

कारखान्यात मी चार बॉयलरचे सेन्सर सांभाळते. या सेहेचाळीस कुंड्या: रंगाच्या बादल्या, तेलाचे पिंप, एक जुन्या कूलरची टाकी. मला वाटलं होतं, रविवारच्या एका दुपारचं काम.

२३ एप्रिल, गुरुवार

दिवस पहिला होता. आता नाही.

पाइपाच्या सुरुवातीच्या कुंड्या तुडुंब. शेवटच्या अकरा कोरड्या. कढीपत्ता, गवती चहा आणि जिन्याकडचा सगळा सांबार, म्हणजे कोथिंबीर. काकूंनी बोट मातीत खुपसून एकेक कुंडी तपासली आणि मोजत गेल्या. "ही उपाशी. ही उपाशी. ही बी उपाशी." लग्नात पंगत चुकल्यासारखं.

दाब शेवटपर्यंत पोचत नाही. पाइपाची दोन्ही टोकं जोडून गोल केला. आता पाणी दोन्ही बाजूंनी जातं. प्रत्येक कुंडीतल्या ड्रिपरखाली, म्हणजे थेंब सोडणाऱ्या तोटीखाली, वाटी ठेवून मोजलं. सेहेचाळीस वाट्या! खालच्या घरातल्या सगळ्या वाट्या वर. रात्रीची भाजी आम्ही ताटात ओतून खाल्ली. एका ड्रिपरमधून तासाला चार लीटर. सगळीकडे सारखं.

उद्यापासून पुन्हा एक.

२५ एप्रिल, शनिवार

पंप चालला. आवाज आला. पाणी नाही.

ड्रममध्ये पंप आडवा पडलेला, तोंड वर, आत हवा अडकलेली. थरथरीने कलंडला असावा. विटेला बांधून टाकला. मोजणी पुन्हा शून्य.

"काय वो, दमली का मशीन?" खालून जयाबाई.

२६ एप्रिल, रविवार

धनंजयदादांचा फोन. काकूंचा मुलगा, पुण्याला असतो. काकूंशी तीन मिनिटं बोलले, मग मला फोन द्यायला सांगितलं.

"कुंड्यांसाठी ऑपरेशन अडवून बसलीय? आई पण ना..." हसले. "एवढी घाई आहे का? दिवाळीत येतोच आहे, तेव्हा बघू."

डॉक्टर काय म्हणाले ते मी शब्दशः सांगितलं.

"हो हो. बरं झालं तू आहेस तिथे."

दर वेळी हेच वाक्य. माझं भाड्याचं करारपत्र अकरा महिन्यांचं आहे. त्यात असं कुठलं कलम नाही.

२८ एप्रिल, मंगळवार

पुन्हा!! पंप विटेसकट उलटा. थरथरीने वीट उलटत नाही.

आणखी दोन गोष्टी. ड्रमच्या आतल्या बाजूला मार्करने पातळीच्या रेघा मारल्या होत्या. रेघा नाहीत. पुसट नाहीत — नाहीतच. आणि मोगरा पिवळा पडतोय. जास्त पाण्याचा पिवळा. खालची पानं आधी. मी वेळ दहा मिनिटांवरून आठवर आणली होती. कमी पाण्याने जास्त पाण्याचा रोग?

काकू मोगऱ्याजवळ बसून होत्या. "तुही मशीन याले पाजून पाजून मारन."

मी खोलीत निघून गेले. बोलले असते तर वाईट बोलले असते.

२९ एप्रिल, बुधवार

आज वेगळंच. नऊ ड्रिपर बंद. पाण्यातल्या क्षाराने आणि ड्रमच्या गाळाने तोंडं बुजली. लिंबाच्या रसात भिजवून ठेवले. गाळ अडवायला पंपावर पायमोजा चढवला. चांगला घट्ट विणलेला, गाळणीपेक्षा बरा.

काकूंनी हात लावून ओळखला. "पायमोजा? देवाच्या मोगऱ्याले पायमोज्यातलं पाणी?"
"धुतलेला आहे काकू."
"धुतला म्हून काय झालं, पायातलाच नं!"

बाजारातून नवा कोरा जोड आणला. पंपाला एक. दुसरा काकूंनी घडी करून ठेवून दिला. "पंपाचा फाटला तं?"

१ मे, शुक्रवार

सुट्टी. ५:३०. आवाज आहे, पाणी नाही. पंप फळीवर ठेवावा तसा विटेवर आडवा.

वानरं असतील म्हणून मी आतापर्यंत गप्प होते. इकडे बोर अभयारण्याच्या जंगलाकडून येतात, गेल्या आठवड्यात सहा ड्रिपर उपटून नेले. पण वानर पंप उचलून पुन्हा विटेवर ठेवत नाही. वानर मार्करच्या रेघा घासत नाही. हे माणूस करतं.

जयाबाईंकडे गेले. शांतपणे विचारलं, मी कामावर असताना तुमच्या घरातलं कुणी गच्चीवर पाणी घ्यायला जातं का. एवढंच विचारलं.

"म्हंजे मी पाणी चोरतो म्हंतं?"
"मी तसं म्हटलं नाही."
"मंग कसं म्हटलं? माह्या घरी दोन टाक्या हाय! कुरडया भिजवल्या, त्याचं नाव नाई काढलं मी, अन तू मले चोर म्हंतं? शिकली म्हून?"

त्यांनी दार लावून घेतलं. कुरडयांचं नाव त्यांनी दहा दिवसांत किमान सात वेळा काढलं आहे. तरी ही माझीच चूक. पुराव्याशिवाय विचारायला नको होतं.

३ मे, रविवार

हिंगणीला, घरी. चुलतबहिणीचं लग्न. बाबांनी विचारलं, चेहरा काऊन उतरला. सांगितलं सगळं. बाबा — कवडू, साठ वर्षांचे, आयुष्यात कधी घड्याळ वापरलं नाही — बराच वेळ विचार करून म्हणाले, "अवं, झाडाले पाणी देणं काय काम हाय? तहान लागली का देजो."

तिथे विहिरीवर आंघोळ केली. पाणी गार, हवं तेवढं. तिथे कुणी वेळ लावत नाही, मोजत नाही.

४ मे, सोमवार

आल्या आल्या पुन्हा तेच. पंप आडवा, रेघा गायब (नव्या होत्या, खिळ्याने कोरल्या होत्या, त्याही घासून बोथट!), मोगऱ्याच्या आणि वांग्याच्या कुंड्यांतून पाणी वाहून गेल्याच्या खुणा.

बिघाडाच्या तारखा एकाखाली एक लिहिल्या. २५. २८. १. ४.

दर तीन दिवसांनी. वानरं कॅलेंडर पाहत नाहीत.

आमच्याकडे नळ दर तीन दिवसांनी येतो, सकाळी दहाच्या सुमारास. २४, २७, ३०, ३. बिघाड नेहमी दुसऱ्या दिवशी पहाटे. पुढचा नळ बुधवारी. बुधवारी अर्धी रजा टाकते आणि कुणाला सांगत नाही.

१४ तारखेला दहा दिवस उरले.

६ मे, बुधवार

सापडलं.

कामावर जाते असं सांगून निघाले आणि साडेनऊला परत येऊन खोलीत बसले, दार लोटून. ९:५० ला नळ आला. खाली भांड्यांचा आवाज. माठ, घागर, गुंड, सगळं घासून पालथं घातलेलं असणार. मग जिन्यावर पावलं. सावकाश, एकेका पायरीवर दोन्ही पाय.

काकू. हातात काथ्या आणि प्लास्टिकचा मग.

त्यांनी ड्रममध्ये हात घातला, पंप चाचपून बाहेर काढला, खाली ठेवला. मग मगाने ड्रममधलं पाणी काढून कुंड्यांना घालायला लागल्या. उरलेलं सगळं. शंभर लीटरच्या वर होतं! दर मगाला कुंडीची कड आधी हाताने शोधायची, मग ओतायचं. ड्रम तळाशी आला तेव्हा कलता करून काथ्याने आतून घासला, खसाखसा, माझ्या रेघांसकट. राख लावून. मग पंप चाचपून आत ठेवला. विटेवर आडवा.

मी दार उघडलं.

"काकू!"
दचकल्या. "तू कामावर नाई गेली?"
"तुम्ही म्हणाला होता हात लावणार नाही!"
"मंग? मी मशीनीले कुठं हात लावला?" खरंच आश्चर्य वाटलं त्यांना. "पाणी बदलवलं फक्त. नळ आला नं आज."
"ड्रममध्ये पाणी होतं की!"
"शिळं होतं ते. तीन दिवसांचं शिळं पाणी कोणी ठेवते का? अन झाडाईले तेच देऊ? मी पेतो ताजं अन त्याईले शिळं?"

मी बादलीवर बसले. सोळा दिवस. पाइपात भोक, गोल जोड, सेहेचाळीस वाट्या, लिंबाचा रस, पायमोजा, जयाबाई. आणि हे रोजचं, डोळ्यांसमोरचं. नळ आला की कालचं ओतायचं, घासायचं, आजचं भरायचं. इथे सेलूत घरोघरी हेच करतात. खाली माझ्या स्वतःच्या माठातलं पाणीही काकूच बदलतात. का बदलतात ते मी कधी विचारलं नाही. आमच्या घरी विहीर आहे. विहिरीतलं पाणी कधी शिळं होत नाही. माझ्या नोंदवहीत दाब होता, वेळ होती, तापमान होतं. नळाच्या दिवसाचा रकाना नव्हता.

मी दोन हात अंतरावर उभी राहून तीन बोटं दाखवली.
"किती, काकू?"
"दोन. हे काय खेळ हाय?"

मग पुन्हा विचारलं नाही.

७ मे, गुरुवार

पाणी शिळं होतं की नाही, या वादात पडत नाही. शिळं उरलंच नाही तर वाद नाही.

टायमर आठवरून २१ मिनिटांवर नेला. एक ड्रिपर: १ लीटर ४०० मिली. सेहेचाळीस कुंड्या: दिवसाला ६५ लीटर जवळजवळ. तीन दिवसांना १९५. ड्रम दोनशेचा. नळाच्या दिवशी पहाटेचं पाणी देऊन झालं की ड्रम आपोआप रिकामा. दहाला नळ, खालून मोटर लावली की ड्रम ताजा भरतो. या उन्हात एवढं पाणी जास्तही नाही. मोगरा पिवळा पडत होता तो एका दिवसात दोनदा पाजल्यामुळे.

काकूंना समजावलं. लक्ष देऊन ऐकलं.
"अन ते पाच लीटर? दोनशातून उरते ते?"
"ते पंपाला बुडायला लागतं."
विचार केला. "बरं. पंपाले चालते शिळं."
"आणि ड्रम घासायचा नाही."
"शेवाळ येईन."
"उजेड नसला की येत नाही. काळी ताडपत्री गुंडाळते."
"मनीप्लांटले बी तुनं असंच काई गुंडाळलं होतं काय?"

मोटर खालून जयाबाई लावतील. त्यासाठी आधी माफी मागावी लागली. दोन वाक्यं तयार करून गेले होते. दुसरं बोलूच दिलं नाही त्यांनी. "ते राहू दे. किलोभर कुरडया घालून देजो माह्यासंगं, मंग पाहू."

मला कुरडया येत नाहीत. हो म्हटलं.

८ मे, शुक्रवार

एक.

भिंतीवरच्या कॅलेंडरवर फुली मारली. काकूंना दिसावी म्हणून तळहाताएवढी. त्यांनी जवळ जाऊन नाक लावून पाहिली.

९ मे, शनिवार

दोन. नळाचा दिवस. पहाटेनंतर ड्रममध्ये पाच-सहा लीटर. हिशेब बरोबर! जयाबाईंनी मोटर लावली. ड्रम भरून वाहिला, तीन मिनिटं उशिरा बंद केली. सोडून दिलं.

काकू दिवसभर खालीच बसल्या. हात मांडीत धरून. जिन्याकडे तोंड करून.

१० मे, रविवार

तीन.

"काई काम नाई उरलं मले," काकू म्हणाल्या. तक्रार होती की काय, कळलं नाही.

११ मे, सोमवार

चार. वानरं आली होती. चार ड्रिपर गेले. वानर हे हात न लावण्याच्या अटीत येतं का? काकूंचा निकाल: "वानर म्हंजे पाऊस-वाऱ्यासारखं. लावून घे, पण माह्यासमोर." त्यांच्यासमोर लावले. त्यांना काय दिसलं कोण जाणे. मान मात्र प्रत्येक ड्रिपरला हलवली.

१२ मे, मंगळवार

पाच. पंपाचा आवाज शेवटच्या मिनिटाला घोगरा. लिहून ठेवते.

१३ मे, बुधवार

सहा. कारखान्यात ४५.२ अंश सावलीत. ताराचंदच्या दुकानात गेले, जादाचा पंप घेऊन ठेवावा म्हणून. ड्रमलाही कूलरचाच पंप लागतो, आणि मे महिन्यात कूलरचा पंप मागणारी मी चौदावी. "सोमवारी येईन माल." मी विचारलं, हा घेतलेला किती टिकेल. "ते पंपच सांगीन, मॅडम."

उद्या सातवा. उद्या संध्याकाळी पाचच्या आत फोन.

१४ मे, गुरुवार

५:३० ला टायमरचा दिवा लागला. पंप नाही.

मी दारातच उभी होते. दहा सेकंद. वीस. ड्रमला कान लावला: गुणगुण, फिरणं नाही. जाम. नळाच्या दिवशी शेवटच्या पाच लीटरमध्ये तापला असणार. माझा पाण्याचा हिशेब बरोबर होता, पंपाचा नव्हता.

नियमाने: मशीन थांबली, सात दिवस झाले नाहीत, पुन्हा एकपासून. पुन्हा एकपासून म्हणजे २१ मे. नाव आज द्यायचं आहे.

माझ्या खोलीतल्या कूलरचा पंप काढला. पेचकस तोंडात, वायर दातांनी सोलली. असं करू नये, मी दोन शिकाऊ मुलांना यावरून झापलं आहे. जाम पंप बाहेर, माझा आत, पायमोजा चढवला. ५:४६ ला टायमर वगळून चालू. ६:०७ ला बंद. सेहेचाळीसच्या सेहेचाळीस ओल्या.

जाम पंप कपाटात, साडीखाली लपवला. मग खाली गेले आणि कॅलेंडरवर फुली मारली. सातवी. वर वेळ लिहिली — ५:३०. माझ्या नोकरीत याला खोटी नोंद म्हणतात, आणि त्यावर काढून टाकतात.

काकू चहा गाळत होत्या. गाळणी कपावर आहे का ते बोटाने पाहून.

"आज मशीन उशिरा उठली वाट्टे."
"नाही. वेळेवर उठली."
"नागपूरची पहिली बस गेली, तरी आवाज नव्हता."

ती बस ५:४० ला जाते. रोज. 

त्यांनी चहाचा कप माझ्या दिशेने सरकवला. थोडा बाजूला. मी हात पुढे करून घेतला.

"बसच लवकर गेली असन," काकू म्हणाल्या. "लाव फोन."

९:०५ ला लावला. नाव पक्कं.

१५ मे, शुक्रवार

कूलरविना रात्र. ओली चादर. लिहिण्यासारखं नाही.

दवाखान्यातून मोबाइलवर फॉर्म आला. त्यात एक अट आधी कुणी सांगितली नव्हती: जवळच्या नातेवाइकाची सही, आणि ती व्यक्ती ऑपरेशनच्या वेळी हजर. फोन करून विचारलं, भाडेकरू चालेल का.
"मॅडम, भाडेकरू उद्या घर सोडून जातो. रक्ताचं कुणी नाही का?"

धनंजयदादांना तीन फोन. तिसऱ्यानंतर निरोप आला: 'मीटिंगमध्ये आहे. काही अर्जंट?'

काकूंना सांगावंच लागलं. ताटातला भात एका बाजूला करत राहिल्या.
"त्याले नको बोलावू. रजा भेटत नाई त्याले." मग ताट सरकवून, "एकाच डोळ्याचं हाय नं... तिथं एकटीले भेव वाटन मले."

एवढ्या दिवसांत झाडं सोडून त्या दुसऱ्या कशाला घाबरतात असं मी ऐकलं नव्हतं.

मी त्यांना एक गोष्ट विचारली. त्यांनी दोनदा विचारायला लावली.

१६ मे, शनिवार

४:१० ला पाठवलं. जसंच्या तसं:

धनंजयदादा,
बुधवारी, २० मे, सकाळी आठ वाजता वर्ध्याला काकूंच्या उजव्या डोळ्याचं ऑपरेशन आहे. मंगळवारी दुपारी दाखल व्हायचं. फॉर्मवर जवळच्या नातेवाइकाची सही लागते आणि ती व्यक्ती तिथे हजर लागते. तुम्ही येत असाल तर मंगळवारी सकाळपर्यंत सेलूला पोचा. येत नसाल तर सही मी करीन आणि नात्याच्या रकान्यात 'मुलगी' लिहीन. काकूंना विचारलं आहे. आडनाव जुळत नाही. लग्नाने बदललं असं त्या सांगणार आहेत. तुमची हरकत असेल तर सोमवार, १८ मे, संध्याकाळी सहाच्या आत कळवा.